जुन्या ट्रकचा गंजलेला सायलेन्सर घरी सोडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणपट्टीतल्या जुन्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत: टाटा ४०७, तिच्याच वर्गातले छोटे ट्रक आणि पिकअप, वर्षानुवर्षं मासळी, आंबा, चिरा (जांभा दगड) वाहिलेले. घाटावरच्या कोरड्या हवेतल्या गाडीला यातली बरीच खटपट करावी लागणार नाही. तिथले नट पाना लावून जोर दिला की बहुधा सुटतात. किनाऱ्यावरचे तसे सुटत नाहीत, आणि जोर दिला की तुटतात.

बाकी गाडीचे नट सुटतात, मग सायलेन्सरचेच का धरतात?

कारण तिथे गंजायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एकत्र येतात. गाडी चालली की नट तापतो, थांबली की गार होतो. या तापण्या-निवण्यात आट्यांतलं ग्रीस जळून जातं आणि उघडं लोखंड उरतं. त्यावर पावसाचा चिखल आणि खारी हवा. गाडी मासळीची असेल तर बर्फ वितळून हौद्यातून ठिबकणारं खारं पाणीही थेट चासीवर आणि पाइपवर. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या मधल्या फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो.

शिवाय सायलेन्सर आतूनही सडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या फेरीत ते उडून जातं. पण बंदर ते बर्फाचा कारखाना अशा दोन-चार किलोमीटरच्या खेपांत सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि पाणी पोटात साचून राहतं. जुन्या डिझेलमधलं गंधक त्यात मिसळून आम्ल व्हायचं. बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) च्या काळात डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आता बीएस-६ मध्ये १०. जुन्या गाडीच्या पाइपने तो पहिला काळही पाहिलेला असतो.

हे काम घरी करावं, की सरळ गॅरेजला द्यावं?

कुठला भाग काढायचा आहे त्यावर ठरवा. मागची शेपटी, सायलेन्सरचा डबा, मधला पाइप, क्लॅम्प आणि रबर ही कामं ज्याला पाना धरता येतो तो अंगणात करू शकतो. मॅनिफोल्डचे (इंजिनमधून निघणारा धूर गोळा करणारा नळ) स्टड (डोकं नसलेले, आट्यांचे बोल्ट) आणि टर्बोचा (धुराच्या जोरावर फिरून इंजिनला जास्त हवा देणारा पंखा) फ्लँज (पाइप जोडायची चपटी कडा) मात्र हात बसल्याशिवाय हाती घेऊ नका. तिथे चूक झाली तर नट जात नाही, इंजिनचं हेड किंवा टर्बो जातो.

माझं मत विचाराल तर सगळं काम या एका हिशेबावर चालतं: इंजिनपासून जितकं लांब, तितकं बेधडक कापा, इंजिनच्या जितकं जवळ, तितका धीर धरा. मागचा गंजलेला बोल्ट वाचवण्यासाठी अर्धा दिवस घालवणारे आणि मॅनिफोल्डच्या स्टडवर पहिल्या मिनिटाला पान्याला लांब नळी लावणारे, दोघेही उलटं करतात.

कोणती अवजारं जवळ हवीत?

ट्रकच्या सायलेन्सरवर बहुतेक १३, १७ आणि १९ चे पाने लागतात. ८ मि.मी.च्या बोल्टला १३ चा, १० मि.मी.च्या बोल्टला जुन्या पद्धतीत १७ चा, १२ मि.मी.च्या बोल्टला १९ चा. नंतर कुणी बाजारातले बोल्ट टाकले असतील तर १६ आणि १८ सुद्धा लागू शकतात.

फिक्स पान्याने सुरुवात करू नका. तो दोनच बाजू धरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. सहा कोनांची गोटी (सॉकेट) सगळ्यांत चांगली, नसेल तर रिंग पाना. बारा कोनांची गोटी चांगल्या नटाला ठीक, पण झिजलेल्या नटावर घसरते.

याशिवाय तारेचा ब्रश, अर्धा-एक किलोचा हातोडा, धारदार छन्नी, हॅक्सॉ आणि दोन-तीन नवी पाती, जमल्यास ग्राइंडर, डोळ्यांना चष्मा, जाड हातमोजे. चष्म्याबद्दल कुणाशी वाद घालत बसू नका. गाडीखाली आडवं झाल्यावर गंजाचा चुरा सरळ डोळ्यांतच येतो.

गाडीखाली शिरण्याआधी काय पाहावं?

जमीन सपाट आणि कडक हवी. पावसाळ्यातल्या लाल मातीत जॅक रुततो. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, गियर टाकून ठेवा, हँडब्रेक ओढा.

ट्रकची उंची मुळातच बरी असते, तेव्हा शक्य असेल तर गाडी उचलूच नका. उचलायचीच असेल तर जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. चासीखाली स्टँड किंवा जाड, अखंड लाकडाचे ओंडके द्या. सिमेंटचा पोकळ ब्लॉक आणि वीट नको, दोन्ही एकदम फुटतात. आमच्याकडे चिरा हाताशी असतो म्हणून तोच लावायचा मोह होतो. चिरा घराच्या भिंतीत वर्षानुवर्षं उभा राहतो, पण एका कोपऱ्यावर जॅकचा धक्का आणि ट्रकचं वजन आलं की त्याचा कधी तुकडा पडेल सांगता येत नाही.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

नट सोडवायला कुठलं तेल चांगलं?

डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं म्हणून सगळे तेच मारतात. ते १९५३ साली मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालं. हलक्या गंजावर काम करतं, पण सायलेन्सरच्या जुन्या नटाला खास गंज सोडवणारं पातळ तेल जास्त उपयोगी. गॅरेजमध्ये ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं एटीएफ तेल अर्धं-अर्धं मिसळून वापरणारेही मिस्त्री आहेत. हे मिश्रण चांगलं शिरतं, मात्र दोन्ही वेगळी होत राहतात, म्हणून दर वेळी हलवून घालावं लागतं. ॲसिटोन पटकन पेट घेतं आणि रंग, रबर खातं, हेही लक्षात असू द्या. काहीच नसेल तर डिझेल. ते हळू काम करतं, पण करतं.

खरं सांगायचं तर तेलाच्या ब्रँडपेक्षा वेळ महत्त्वाचा. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे घासून काढा. वरच्या गंजाच्या खपलीवर तेल ओतलं तर ते ओघळून खाली जातं, आत शिरत नाही. मग तेल घाला, हातोड्याने नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जा. सकाळ-संध्याकाळ असं दोन-तीन दिवस केलं तर अर्धे नट साध्या पान्याने सुटतात. एक जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हा मासळीच्या गाड्या उभ्याच असतात. तेल मुरायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.

तेल मुरलं, तरी नट हलत नाही. आता?

आधी तो किंचित घट्ट करून पाहा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण गंजाची पकड एकदा मोडली की पुढचं सोपं होतं, मग ती कुठल्या दिशेने मोडली याला महत्त्व नाही. नट केसभर हलला की तेल घाला, सोडा, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा. अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे. सरळ ओढत नेला तर गंजाचा चुरा आट्यांत गोळा होतो आणि अर्ध्या वाटेवर नट असा बसतो की मग बोल्टच तुटतो.

झटका आणि सलग जोर यांत फरक आहे. पान्याच्या टोकावर हातोड्याने मारलेले छोटे ठोके गंज फोडतात, तर लांब नळी लावून दिलेला जोर बोल्ट पिळतो. बॅटरीवरची इम्पॅक्ट मशीन मिळाली तर ती याच कारणाने चांगली, फक्त कमी ताकदीवर सुरुवात करा. १२ मि.मी.च्या बोल्टला थोडी नळी चालेल. ८ मि.मी.च्या बोल्टला कधीच नाही.

पान्याला स्प्रिंगसारखा मऊ ताण लागायला लागला, म्हणजे नट फिरतोय असं वाटतंय पण सुटल्याचा कर्रर आवाज नाही, तर थांबा. तो बोल्ट पिळला जातोय.

गरम करून सोडवायचं तर कसं?

तापवणं हा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे, आणि सगळ्यांत धोक्याचाही. नट तापवायचा, बोल्ट नाही. १० मि.मी.चा नट बोल्टपेक्षा ४०० अंशांनी जास्त तापला तर त्याचं भोक जेमतेम ०.०५ मि.मी.ने मोठं होतं. आकडा बारीक दिसतो, पण गंज फुटायला तेवढं पुरतं. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून ज्योत बारीक, नेमकी आणि जोरदार हवी. जुन्या रॉकेलच्या ब्लो लॅम्पने नट तापेपर्यंत बोल्टही तापलेला असतो. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची गॅस असलेला वेल्डिंगवाला हेच काम एका मिनिटात करतो. त्याला त्याचे पैसे द्या.

नट मंद लाल झाला की पुरे. भर उन्हात तो रंग दिसतच नाही, म्हणून सावली करून पाहा. लाल असतानाच जोर न लावता जरा थांबा, मग पाना लावा. थोडा निवल्यावर नटाच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. जुन्या फिटरांची ही युक्ती खरोखर चालते. तापलेल्या भागावर तेलाचा स्प्रे मात्र मारू नका, तो पेटतो. ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग तर तापवूच नका, काही क्लीनरांतून विषारी वायू निघतो. मॅनिफोल्ड बिडाचं असतं, त्यावर पाणी ओतून गार करू नका, तडा जाईल.

ज्योत लावण्याआधी आसपास काय आहे ते पाहा: डिझेलच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, चासीला साठलेलं तेलकट ग्रीस, हौद्याच्या फळ्या. ओलं फडकं, पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. आणि घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीखाली ओढून नेण्याचा विचार कुणी सुचवला तर त्याला घरी पाठवा.

नटाचे कोपरे गोल झाले. पाना घसरतो.

एक माप लहान गोटी हातोड्याने ठोकून बसवा. १७ चा गंजून बारीक झालेला नट १६ च्या गोटीत बऱ्याचदा घट्ट बसतो. तेही जमलं नाही तर नट वाचवायचं सोडून द्या. नवा नट काही रुपयांना मिळतो. त्याच्या एका सपाट बाजूवर हॅक्सॉने किंवा ग्राइंडरने आटे दिसेपर्यंत काप घ्या, आत जाऊ नका, आणि कापात छन्नी घालून ठोका. नट फाकतो आणि हाताने निघतो. मागच्या क्लॅम्पच्या बाबतीत तर एवढंही नको, यू क्लॅम्प सरळ कापा. तो पुन्हा वापरायचा नसतोच.

मॅनिफोल्डचा स्टड तुटला. संपलं का?

संपलं नाही, पण आता घाई बंद. किती तुटला आहे ते आधी पाहा.

बाहेर बोटभर दांडी उरली असेल तर दोन नट एकावर एक घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड फिरवा. आटेच उरले नसतील तर पाइप पाना किंवा स्टड काढायचं अवजार. त्याआधी दोन-तीन वेळा तापवणं आणि गार करणं आलंच.

दांडी थोडीशीच वर असेल किंवा पृष्ठभागाला सपाट तुटली असेल, तर सगळ्यांत चांगला उपाय वेल्डिंगचा. स्टडच्या टोकावर जरा मोठ्या भोकाचा नट ठेवून आतून वेल्ड भरतात, म्हणजे नट आणि स्टड एक होतात. वेल्डची उष्णता स्टडच्या पोटात जाते, गंज फुटतो, आणि निवताना जरा कोमट असतानाच नट हळू पुढे-मागे केला तर स्टड निघून येतो. पहिल्यांदा वेल्ड सुटला म्हणून हताश होऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बसतो. हे काम मात्र चांगल्या हाताच्या वेल्डिंगवाल्यालाच द्या. बिडाला वेल्ड चिकटवणारा मिळाला तर आधीपेक्षा मोठं काम होऊन बसतं.

शेवटचा मार्ग ड्रिलचा. बरोबर मध्यभागी पंच मारा, लहान ड्रिलपासून सुरू करा आणि हळूहळू मोठं करा. उलट्या आट्यांचं ड्रिल मिळालं तर कधी कधी ड्रिल करतानाच स्टड फिरून निघतो. ‘ईझी आउट’ (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचं अवजार) वापरताना जपा. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही, आणि मग हेड उतरवून लेथवाल्याकडे नेण्याखेरीज गत्यंतर नाही. आटे बिघडलेच तर टॅप (आटे पाडायचं अवजार) फिरवून साफ करा. अगदीच गेले असतील तर हेलिकॉइल (स्प्रिंगसारखे नवे आटे) बसवून घेता येतं.

टर्बोचे नट?

तेल, उष्णता, धीर. टर्बोच्या खोक्यावर हातोडा नाही. आतलं चाक प्रचंड वेगाने फिरतं आणि त्याची फट अगदी बारीक असते. पाइप सुटला की तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा, एक वॉशर आत पडला तरी टर्बो गेला. आणि परत बसवताना ते फडकं काढायला विसरू नका.

पाइप एकमेकांत अडकलेत, ओढून निघत नाहीत.

बाहेरच्या पाइपवर सगळीकडून हातोड्याने ठोका, मग पिळत ओढा. सरळ ओढून काही होत नाही. नवा पाइप कुठला टाकणार आहात ते आधी ठरवा. बाहेरचा जाणार असेल तर त्याला लांबीने काप द्या आणि छन्नीने फाकवा. आतला जाणार असेल तर तो आतल्या बाजूला दाबून घ्या. दोन्ही जाणार असतील तर विचार कसला करताय, ग्राइंडर लावा.

रबरी हँगरांना साबणाचं पाणी लावून सळईने ढकललं की निघतात. त्यांना डिझेल लावू नका, रबर फुगतं. तडे गेलेलं रबर पुन्हा बसवू नका, सायलेन्सर लोंबायला लागला की सगळा भार पुढच्या फ्लँजवर येतो आणि पुढच्या वर्षी स्टड तिथेच तुटतो.

जुनं पॅकिंग खरवडून काढायचं का?

काढायचं, पण कोरडं नाही. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये आणि पाइपला गुंडाळलेल्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की राहते. पाणी मारून ओलं ठेवा, पत्र्याच्या पट्टीने खरवडा, तारेचं चाक किंवा कंप्रेसरची हवा वापरू नका. तुकडे पिशवीत बांधून टाका. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

आमची गाडी बीएस-४ किंवा बीएस-६ आहे. हेच सगळं लागू पडतं का?

देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून आलं. नट-बोल्टांचं शास्त्र तेच, पण पाइपवर सेन्सर आले, बीएस-६ मध्ये धूर साफ करणारे फिल्टर आणि काही गाड्यांत युरियाची यंत्रणाही आली. त्या डब्यांना छन्नी, ज्योत किंवा वेल्डिंग लावू नका. ते काढून साधा पाइप टाकून देणारेही भेटतील. हा बेकायदा प्रकार आहे, आणि गाडी नंतर वर्कशॉपला नेली की सगळं उघडं पडतं.

नवा सायलेन्सर येईपर्यंत तसाच चालवला तर?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरसाठीच आहे. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला दंड आहे. शिवाय आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दर वर्षी फिटनेस काढावाच लागतो. पण मला दंडापेक्षा केबिनची काळजी जास्त. मधला पाइप उघडा असेल तर धूर खालून केबिनमध्ये चढतो, रात्री काचा बंद करून ड्रायव्हर आत झोपतो आणि गारव्यासाठी इंजिन सुरू ठेवतो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नाही.

परत बसवताना काय करावं म्हणजे पुढच्या वेळी त्रास होणार नाही?

जुने स्टड, नट, पॅकिंग आणि क्लॅम्प यांतलं काहीही परत वापरू नका. आटे ब्रशने साफ करून तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ (आटे धरू न देणारा लेप) लावा. साधं ग्रीस दोन दिवसांत जळून जातं. स्टेनलेसचे नट आणि स्टेनलेसचेच बोल्ट कोरडे लावले तर ते एकमेकांना चिकटतात, त्यामुळे तिथेही अँटी-सीझ हवंच. मॅनिफोल्डला तांब्याचा मुलामा असलेले नट मिळाले तर ते घ्या.

सगळे नट आधी हाताने लावा, पाइप सरळ रेषेत आला की मग आवळा. मॅनिफोल्डचे नट मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जा. ८.८ दर्जाच्या (बोल्टच्या मजबुतीचा आकडा) ८ मि.मी. बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतं, १० मि.मी.ला ४५ ते ५०. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. इंजिन तापवून पूर्ण गार होऊ द्या, मग एकदा सगळे तपासा.

नव्या सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक आहे. कारखान्याचा दोष आहे का? वेल्ड करून बंद करू का?

नाही. पोटात साचणारं पाणी बाहेर जायला ते ठेवलेलं असतं. डबा बसवताना भोक खालच्या बाजूला येईल असं पाहा, आणि दर पावसाळ्याआधी तारेने मोकळं करा.